भोंग्या नेईल तिकडे

गोरक्ष सातपूरहून निवृत्त होऊन गावी आला तेव्हा टेम्पोत एक लोखंडी कॉट होती, दोन ट्रंका होत्या, एक जुना कूलर होता आणि एक कुत्रा होता. कॉट, ट्रंका, कूलर उतरवून घ्यायला शेजारची माणसं पुढं झाली. कुत्र्याला मात्र कुणी हात लावेना, आणि कुत्रा काही उतरेना. फाळक्याशी पाय रोवून तो समोरच्या डोंगराकडं बघत राहिला. एवढी मोठी गोष्ट त्यानं आजवर पाहिलीच नव्हती.

भोकरटेक हे पेठ रस्त्यावरचं गाव. घाट चढून वर आलं की डावीकडं एक अरुंद डांबरी फाटा फुटतो, त्याच्या शेवटाला. खाली भाताची खाचरं, त्यांच्या वर घरं, घरांच्या वर नागलीची उतरती रानं, त्यांच्या वर नुसतं गवत आणि गवताच्या वर ढग. श्रावण सरत आला होता, त्यामुळं त्या दिवशी ढग घरांपर्यंतच उतरले होते.

सगुणाबाई ओट्यावर उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा कुत्र्याकडं.

"हेबी रिटायर झालं का?" तिनं विचारलं.

गोरक्षनं मान हलवली. खरं तर त्यानं कुत्र्याला आणायचं ठरवलंच नव्हतं. कारखान्याच्या गेटवर वाढलेलं ते तांबूस रंगाचं कुत्रं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मान वर करून भोंग्याच्या सुरात सूर लावायचं, म्हणून कामगारांनी त्याचं नाव भोंग्या पाडलेलं. रात्रपाळीला गोरक्षच्या डब्यातली अर्धी चपाती त्याची असायची. शेवटच्या दिवशी सामान भरून टेम्पो निघाला, तेव्हा भोंग्यानं उडी मारली आणि कॉटच्या पायाशी अंग मुडपून बसला. ड्रायव्हरनं विचारलं, याला उतरवू का. गोरक्ष म्हणाला, राहू दे.

सगुणाबाईनं एकच नियम घातला. कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग तिनं जर्मनच्या एका पोचे पडलेल्या ताटलीत ताक-भाकरी कालवून ओट्याखाली ठेवली आणि ती रानात निघून गेली.

मिसरूड फुटत होतं तेव्हा गोरक्ष सातपूरला गेला होता. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर त्याचं सगळं तरुणपण गेलं. गावाकडच्या पाचसहा जणांत मिळून खोली, आठवड्याच्या सुट्टीला संध्याकाळच्या एसटीनं भोकरटेक, आणि दुसऱ्या दिवशी परत. लग्न झाल्यावर सगुणाला त्यानं सातपूरला नेलं होतं, पण वडील आजारी पडले, रान पडीक राहायला लागलं, आणि ती चार दिवसांसाठी म्हणून गावी आली ती आलीच. पुढल्या वर्षी नेतो, असं दरवर्षी ठरायचं. योगेश झाला, मोठा झाला, ओझरला नोकरीला लागून तिकडंच घर करून राहिला. नवरा-बायकोचा संसार सुट्टीच्या दिवसांत झाला. सुट्टीच्या दिवशी ती गोडधोड करायची, तो झोपायचा, आणि निघताना ती फाट्यापर्यंत पोचवायला यायची. भांडायला कधी वेळच मिळाला नव्हता.

आता तो कायमचा आला, तर दोघांनाही काय बोलावं कळेना. सगुणाबाई वागायला चांगलीच होती. जेवायला वाढायची, पाणी तापवून द्यायची. पाहुण्याशी वागावं तशी. गोरक्षचं अंग मात्र अजून पाळ्यांतच होतं. सगळं गाव जागं असताना त्याला पेंग यायची, आणि निजानीज झाली की डोळे टक्क उघडायचे. रानातल्या कामाला त्यानं हात घातला, तर पावसाच्या उघडिपीत झेंडूच्या वाफ्यांना दारं धरताना पाणी वाफ्यात कमी आणि बांधावरून खाली जास्त गेलं. सगुणाबाई रागावली नाही. तिनं त्याच्या हातातलं फावडं घेतलं, दोन ठिकाणी माती ओढली आणि म्हणाली, "तुम्ही बसा सावलीला." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

म्हणून तो भोंग्याला घेऊन फिरायला जाऊ लागला.

सुरुवातीला भोंग्या डांबर सोडायला तयार नव्हता. गवतात पाय ठेवला की उचलायचा. बेडकानं उडी मारली की मागं सरायचा. गावातली कुत्री लांबून ओरडायची, तेव्हा गोरक्षच्या दोन पायांच्या मध्ये येऊन उभा राहायचा. फाट्यापर्यंत जायचं, तिथल्या दगडावर बसायचं, एखादी एसटी गेलेली बघायची आणि परतायचं. दोघंही कुणाच्या तरी पाळीची वाट बघत असल्यासारखे.

मग भाद्रपदातल्या एका सकाळी भोंग्या मध्येच थांबला. धुकं इतकं होतं की रस्त्याच्या कडेचं उंबराचं झाडसुद्धा नुसतं जाड अंधारासारखं दिसत होतं. त्यानं नाक वर केलं. काय वास आला कोण जाणे. डांबरावरून खाली उतरून तो गवतात शिरला, आणि थोडं पुढं जाऊन मागं वळून उभा राहिला.

गोरक्ष त्याच्या मागून गेला.

आपल्याच गावचा डोंगर आपल्याला माहीत नाही, हे त्याला त्या सकाळी कळलं. लहानपणी तो हिंडला होता, पण ते हिंडणं मशीनच्या आवाजाखाली कधीच पुरलं गेलं होतं. भोंग्या पुढं, तो मागं. गवत कमरेपर्यंत, त्यावर थेंब. तेरड्याच्या फुलांनी उतार गुलाबी झाला होता, आणि धुक्यात तो गुलाबी रंग पाण्यात विरघळावा तसा कुठंकुठं गडद, कुठंकुठं फिका. एक भारद्वाज कुठंतरी खोल घुमत होता. चढ संपला आणि एकदम पायाखाली खडक लागला. खडकाच्या पोटात एक डोह होता, गावाकडून कधी न दिसणारा, आणि त्यात पांढरी कुमुदं उघडी पडून राहिली होती. भोंग्यानं पाणी प्यायलं. लाटा उठल्या, फुलं हलली, पुन्हा थांबली.

गोरक्ष बराच वेळ तिथं उभा राहिला. त्याला वाटलं, आपण अजून मशीनपाशीच आहोत, पहाटेची डुलकी लागलीय आणि हे सगळं त्या डुलकीत दिसतंय. आता सुपरवायझर खांद्याला हात लावील. पण खांद्याला लागलं ते फक्त धुकं.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. कुठं जायचं हे गोरक्ष ठरवत नसे. भोंग्या नेईल तिकडे. कधी सागाच्या रानातून, जिथं वाळलेल्या पानांवर स्वतःच्याच पावलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटायचा. कधी सोनकीनं पिवळ्या झालेल्या पठारावर, जिथं वारा आला की सगळं पठार एका बाजूला कलायचं. कुत्र्याला घाई नसते आणि पोचायचंही नसतं. एखाद्या दगडाचा वास घ्यायला तो थांबला की गोरक्षही थांबायचा, आणि थांबल्यावर काहीतरी दिसायचंच. खेकड्यानं उकरलेली माती. ऐनाच्या खोडावर चिकटलेलं पाखराचं पीस. उन्हं तिरपी झाली की मात्र तो भोंग्याला हाक मारायचा. बिबट्या त्या अंगाला फिरतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि बिबट्याला कुत्रं आवडतं हेही.

गावात बोलणं सुरू झालं. गोरक्षनाना कुत्र्यामागं फिरतो. कामधंदा सुटला की माणसाचं असं होतं. नळावरच्या बायकांनी सगुणाबाईला विचारलं, तेव्हा तिनं कळशी डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. घरी येऊन तिनं विचारलं, एवढं रोज कुठं जाता. तो म्हणाला, असंच वर. ती म्हणाली, वर तर सरपण आहे आणि गवत आहे, तुम्ही तर दोन्ही आणत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी फाट्याशी एक गाडी उभी दिसली. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि एक बाई आत वाकून कुणाची तरी मनधरणी करत होती. सीटवर एक म्हातारा, तपकिरी, जाडजूड कुत्रा पडला होता. तोंडाशी पांढरा झालेला. ती बाई म्हणजे स्नेहल, नाशिकला गंगापूर रोडला राहणारी, बँकेत काम करणारी. कुत्रा तिच्या वडिलांचा. वडील टपाल खात्यात होते, निवृत्तीनंतर रोज पहाटे ब्राउनीला घेऊन लांब फिरायला जायचे. ते गेले, आणि तेव्हापासून ब्राउनी त्यांच्या चपलांपाशी पडून राहायला लागला. सोसायटीच्या पार्किंगपलीकडं पाऊल टाकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. ती त्याला घेऊन कुठंकुठं जाऊन आली होती. बागेत कुत्र्यांना बंदी, नदीकाठी गर्दी. आज नुसती रस्ता दिसेल तिकडं गाडी चालवत आली होती.

हे सगळं तिनं नंतर सांगितलं. त्या क्षणी झालं ते एवढंच, की भोंग्या उघड्या दारापाशी गेला, त्यानं ब्राउनीच्या नाकाला नाक लावलं, आणि तो नेहमीच्या वाटेनं गवतात शिरला. थोडं पुढं जाऊन मागं वळून उभा राहिला.

ब्राउनी उठला. आधी पुढचे पाय, मग बऱ्याच वेळानं मागचे. गाडीतून उतरला आणि निघाला.

स्नेहल तोंडावर हात ठेवून उभी होती. गोरक्षनं तिला विचारलं, पायात बूट आहेत ना. आहेत म्हणाली. मग चला, म्हणाला.

त्या दिवशी ते फार लांब गेले नाहीत. पळसाच्या झाडापर्यंत गेले, बसले, परत आले. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्या रविवारी तिची एक मैत्रीण आली, लोकरीच्या गुंड्यासारखं कुत्रं घेऊन. मग आणखी कुणी. शहरात कुत्र्यांना मोकळं चालायला जागा नाही, आणि कुत्र्यांमुळं माणसांनाही नाही, हे गोरक्षला तेव्हा समजलं. हळूहळू रविवारी फाट्याशी पाचसहा गाड्या लागू लागल्या. तो हात मागं बांधून भोंग्याच्या मागून चालायचा, आणि त्याच्या मागून ही सगळी मंडळी. आली तेव्हा गप्पा मारायची, फोटो काढायची. पठारावर पोचेपर्यंत आपोआप गप्प व्हायची. दंव पडलेल्या गवतात ओळीनं जाणारी माणसं आणि कुत्री खालून बघणाऱ्याला धुरकट दिसायची, कुणीतरी पाटीवर काढून अर्धवट पुसल्यासारखी.

माघात एक वाईट गोष्ट घडली. नवीनच आलेल्या एका गृहस्थाचा मोठा अल्सेशियन होता. ते फोनवर बोलत होते, साखळी हातात गुंडाळलेली होती पण कुत्र्याच्या गळ्यात नव्हती. गावातल्या फकिराच्या शेळ्या उतारावर चरत होत्या. कुत्रं सुटलं, शेळ्या उधळल्या, आणि एक करडू घळीत पडून त्याचा पाय मोडला. स्नेहलनं फकिराला आणि करडाला गाडीत घालून पेठला नेलं, पायाला पट्टी बांधून आणलं. पण फकिराचा राग त्यानं जाणार नव्हता, आणि जायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. फकिरा म्हणाला, गावची वाट ही गुरांची आहे, शहरातली कुत्री इथं नकोत. दोघातिघांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, कुत्र्यांच्या वासानं बिबट्या गावाकडं सरकेल. गोरक्ष खाली बघत होता. त्याला फकिराचं पटत होतं. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं, सांगून टाकतो त्यांना.

सगुणाबाई बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी होती. ती कधी पारावर बोलत नसे. ती म्हणाली, "फकिरभाऊ, त्यांच्या पुढं मी चालन."

सगळे तिच्याकडं बघू लागले.

"शेळ्यांच्या घंट्या मला कळतात. जिकडं शेळ्या, तिकडं आम्ही नाय. कुत्री साखळीत राहतील, पठारावर गेल्याबिगर सुटणार नायत. आन कुणी ऐकलं नाय, तर त्याला मीच खाली धाडीन."

फकिरानं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, वहिनी म्हणतात तर एक महिना बघू. आणि उठून गेला.

घरी जाताना गोरक्षनं विचारलं, तुला कशाला हे. ती म्हणाली, "तुम्ही घरी बसलात का मला कामच सुचत नाय." एवढंच.

पुढच्या रविवारी लुगड्याचा काष्टा वर खोचून, हातात काठी घेऊन सगुणाबाई पुढं निघाली. शहरातली मंडळी तिला थोडी भ्यायली. भोंग्याला आधी काय करावं कळेना, पुढं जाण्याचा मान त्याचा होता. मग तो तिच्या काठीच्या बाजूनं चालायला लागला. चालता चालता ती थांबायची, मान तिरपी करायची, वाऱ्यावरून काहीतरी ऐकायची आणि वाट बदलायची. महिनाभरात शेळ्यांचं तोंडसुद्धा कुणाला दिसलं नाही. फकिरानं पुन्हा विषय काढला नाही.

गोरक्ष आता तिच्या मागून चालत होता, आणि डोंगर पुन्हा वेगळा व्हायला लागला होता. त्याला जो डोह पहिल्यांदा सापडला असं वाटलं होतं, तिथं ती पावसाळाभर गोधड्या धुवायची. ज्या खडकावर तो बसायचा, तिथं तिनं तापानं फणफणलेल्या योगेशला मांडीवर घेऊन पाऊस थांबायची वाट बघितली होती, पलीकडच्या गावात डॉक्टर येतो म्हणून निघाली होती तेव्हा. करवंदीच्या एका जाळीपाशी तिनं नुसती काठी टेकवली आणि म्हणाली, हितं सासूबाईंना साप चावला व्हता, वाचल्या. हे ती गोरक्षला मुद्दाम सांगत नव्हती. स्नेहल विचारायची, काकू इथं काय आहे, तिथं काय आहे, आणि ती उत्तर द्यायची. गोरक्ष मागं राहून ऐकायचा. त्याच्या नसण्याची इतकी वर्षं या डोंगरावर जागोजागी ठेवलेली होती, आणि त्याला त्यातलं एकही ठिकाण माहीत नव्हतं.

चैत्रात एकदा, रविवार नव्हता, ती आपणहून म्हणाली, चला जरा वर जाऊन येऊ. ऊन उतरलं होतं. पळसाची फुलं गळून वाटेवर पडली होती. भोंग्या, ती आणि तो, असे तिघं शेवटच्या धारेवर पोचले. तिकडं तो कधी गेला नव्हता, भोंग्यानं कधी नेलं नव्हतं. धारेवरून पूर्वेकडं सगळा मुलूख उघडा पडला होता. डोंगरांच्या निळ्या घड्या एकीमागं एक, आणि फार लांब, जिथं जमीन आणि आभाळ एकत्र होतं तिथं, तिन्हीसांजेला एक फिकट, दुधी उजेड उगवत होता. चंद्र उगवायच्या आधी येतो तसा. पण चंद्र नव्हता तो.

"ते काय हाय, ओळखलं का?" तिनं विचारलं.

त्यानं निरखून बघितलं. मग म्हणाला, "नाशिक."

"त्याची ही अलीकडली बाजू सातपूर." तिनं काठीनं दाखवलं. "तुमची रात्रपाळी आसली का मी हितवर यायची. सासूबाईंना सांगायची, वासरू सुटलंय, बघून येते. वासरू गोठ्यातच आसायचं."

गोरक्ष तिच्याकडं बघत राहिला.

"एवढ्या उजेडात एक दिवा तुमच्या खात्याचा आसंल, आसं म्हणायची. कोणचा ते कळायचं नाय. मग एक आपला धरायची, त्याच्याकडंच बघायची, आन जायची खाली."

वारा पडला होता. खाली गावात कुणाच्या तरी चुलीचा धूर सरळ वर चढत होता.

"आमच्या खात्याला खिडकीच नव्हती, सगुणा," तो म्हणाला.

ती थोडी हसली. "आता सांगून काय उपेग. मी तर बघून घेतलं."

भोंग्या दोघांच्या पायांशी बसला होता, तोही त्या उजेडाकडं बघत. अंधार पडायच्या आत ते उतरले. वाटेत तो तिला विचारत राहिला. वडील गेले त्या दिवशी मला निरोप पोचायला उशीर झाला, तेव्हा इथं कोण कोण होतं. विहिरीचं काम तू कुणाकडून करून घेतलंस. योगेश शाळेत जाताना रडायचा का. ती सांगत राहिली. घरी पोचले तरी सांगत होती, भाकरी थापताना सांगत होती, आणि तो चुलीपाशी पाटावर बसून ऐकत होता. त्या रात्री त्याला झोप कधी लागली ते कळलं नाही.

पुढच्या श्रावणापर्यंत ब्राउनी खूप थकला. मागचे पाय ओढायला लागला. तरी रविवारी गाडी फाट्याशी थांबली की तो शेपूट आपटायचा. सगळे त्याच्या चालीनं चालायचे. मोठमोठ्या उड्या मारणारी कुत्रीसुद्धा त्याच्यापाशी आली की संथ व्हायची.

एका रविवारी डोहापाशी पोचल्यावर तो खाली बसला आणि उठला नाही. पावसाची भुरभुर होती, पाण्यावर थेंबांची गोल गोल नक्षी उमटत होती. स्नेहलनं हाक मारली. त्यानं शेपूट हलवलं, पण उठला नाही. ती त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली. माणसं आजूबाजूला उभी राहिली. एवढं जड जनावर उतारावरून खाली कसं न्यायचं, हे कुणाला सुचेना.

फकिरा त्याच वेळी वरच्या अंगानं शेळ्या घेऊन उतरत होता. त्यानं शेळ्या तिथंच थांबवल्या आणि एकटा खाली आला. काही न विचारता तो वाकला, आजारी शेळी घेतात तसं त्यानं ब्राउनीचे पुढचे दोन पाय एका खांद्यावरून, मागचे दोन दुसऱ्या खांद्यावरून पुढं घेतले, गोरक्षनं मागून आधार दिला, आणि तो उठला. सबंध उतार त्यानं कुत्र्याला तसं मानेवर आणलं. म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं त्याच्या पागोट्याला टेकलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. ढग त्यांच्या बरोबरीनं खाली उतरत होते.

सगुणाबाईनं ओट्यावर न थांबता आत घोंगडी अंथरली. चुलीच्या उबेला. दुपारभर स्नेहल त्याच्याजवळ बसून होती. ती वडिलांबद्दल बोलली. आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी हॉस्पिटलमधून रोज विचारलं होतं, ब्राउनीला फिरवून आणलंस का, आणि ती रोज हो म्हणाली होती. तेव्हा वेळच मिळत नव्हता, असं म्हणून ती थांबली. सगुणाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण खोटी समजूत घातली नाही. म्हणाली, "मंग आता वरीसभर फिरवलं की."

ऊन-पावसाचा खेळ चालला होता तेव्हाच कधीतरी ब्राउनी गेला. डोळा लागावा तसा.

त्याला कुठं पुरायचं हे फकिरानं ठरवलं. पळसाच्या वरच्या अंगाला एक सपाट जागा आहे, तिथं. तो म्हणाला, हितं शेळ्याबी येत नायत, निवांत हाय. पहार त्याची, फावडं गोरक्षचं. माती ओली होती, लवकर निघाली.

त्यानंतर स्नेहल आली नाही. रविवारची बाकी मंडळी येत राहिली. एकदोघांनी सांगितलं की ती फोन उचलते, बरी आहे म्हणते. सगुणाबाई फाट्याशी गाड्या लागल्या की एकेक गाडी मोजल्यासारखी बघायची. गणपती गेले. झेंडू काढणीला आला, दसऱ्याला दोघांनी मिळून फुलं तोडली आणि नाशिकला पाठवली. गोरक्षला आता दारं धरता येत होती, निदान बांध फुटत नव्हता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ती गाडी आली. स्नेहल उतरली, एकटीच. बूट घातलेले होते. बाकीचे लोक दोन पावलं पुढं आले आणि थांबले. भोंग्या सरळ गाडीच्या मागच्या दारापाशी जाऊन बसला. दाराकडं बघत.

स्नेहलनं दार उघडलं. सीट रिकामी होती. भोंग्यानं पुढचे पाय वर टाकले, सीटचा सगळा वास घेतला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग खाली उतरला आणि तिच्या हाताला नाक लावून उभा राहिला.

सगुणाबाईनं भाकरी आणि ठेच्याचं फडकं तिच्या हातात दिलं. म्हणाली, "हे धर. मला काठी सांभाळायचीय."

सगळे निघाले. सकाळची उन्हं अजून गवताच्या शेंड्यांवरच होती, बुडखे ओले, गार. पळसाच्या वर आल्यावर स्नेहल त्या सपाट जागेपाशी थोडी रेंगाळली. तिथं आता गवत उगवलं होतं, आजूबाजूच्या गवतासारखंच, कुठून कुठपर्यंत ते ओळखू न येणारं. मग वाट जिथं फुटते तिथं ती थांबली. डावीकडं डोह. उजवीकडं सादड्याच्या रानातून जाणारी वाट, यंदा कुणी न वापरलेली.

"काकू, आज इकडून जायचं का?" तिनं उजवीकडं बघत विचारलं.

सगुणाबाईनं मान तिरपी करून वारा ऐकला. गवत लय वाढलंय म्हणाली, कमरेएवढं. मग काठीनं पहिला झुबका बाजूला सारला आणि आत शिरली. तिच्या मागून स्नेहल, भाकरीचं फडकं छातीशी धरून. मग भोंग्या. मग बाकीची कुत्री आणि माणसं. सगळ्यांच्या शेवटी गोरक्ष, मागं पडलेलं कुणी नाही ना हे बघत.